डिस्ट्रिब्युटरमधली ढिली स्प्रिंग

धायरीच्या आबांचा ट्रक कात्रजच्या घाटात दुसऱ्यांदा अडला, तेव्हा त्यांनी माझ्याच दुकानात, माझ्यासमोर उस्मानचं नाव काढलं. "मिस्त्री, राग नका धरू. हडपसरला उस्मानभाई हाय, त्येला दाखवतो."

राग धरू नका म्हणे. उस्मान आणि मी एकाच उस्तादाकडे ऑटो इलेक्ट्रिकचं काम शिकलो. उस्ताद इंजिन ऐकायला नेहमी त्याला बोलावत आणि पाने पुसायला मला. स्वतःचं दुकान टाकून मला आठ वर्षं झाली होती, तरी ते पोटात तसंच होतं. शिवाय धायरीचे आणखी चार ट्रक माझ्याकडे येत ते आबांच्या शब्दावर. आबा गेले की ते चारही जाणार.

ट्रक लष्करी लिलावातला, जुना, पेट्रोलवर चालणारा. पेट्रोल इंजिनात डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणं हे त्याचं काम. इंजिनचा वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी आत दोन वजनं असतात. ती फिरताना बाहेर फाकतात आणि ठिणगी पुढे ढकलतात. दोन स्प्रिंगा त्यांना आवरून धरतात.

आबांच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट डगडगत होता. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश मी लेथवर नवीन करून घेतला, ठिणगीचे पॉइंट्स आणि कंडेन्सर बदलले. दोन स्प्रिंगांपैकी एक नुसती लोंबत होती. झिजली असणार म्हणून तिच्या जागी नवी, ताठ बसवली. ट्रक उभा असताना इंजिन घड्याळासारखं चालायचं. घाटात मात्र ओढ नाही आणि रेडिएटर उकळायचा. ट्रक पहिल्यांदा अडला तेव्हा मी डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी सरसकट आधी पडेल असं केलं. मग इंजिन सुरू करताना फिरवायचं हँडल उलटं मारायला लागलं आणि घाट तो घाटच राहिला.

आबांबरोबर मीही हडपसरला गेलो. माझं काम मीच समजावून सांगेन, असं म्हणालो. खरं कारण सांगतो. उस्मानलाही जमू नये आणि ते मला डोळ्यांनी बघायला मिळावं.

त्याने इंजिन सुरूसुद्धा करायला लावलं नाही. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, आतला फिरता रोटर बोटाने थोडा पिळला आणि सोडला. पुन्हा पिळला. मग आबांना विचारलं, "जुने पार्ट आहेत?"

काढलेला प्रत्येक पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा, ही आमच्या उस्तादांची शिस्त. मीही ती पाळत होतो. आबांनी सीटखालून डबा काढला. उस्मानने त्यातली ती लोंबणारी स्प्रिंग उचलली आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ही झिजलेली नाही रे. हिच्या टोकाचा आकडा मुळातच लांब असतो, म्हणून ही सैल लोंबते. सुरुवातीला एकटी हलकी स्प्रिंग वजनं धरते. वेग वाढला की मग ही ताणली जाते."

म्हणजे माझी ताठ स्प्रिंग पहिल्यापासूनच वजनांना फाकू देत नव्हती. घाटात ठिणगी उशिरा पडत होती.

त्याने जुनी स्प्रिंग लावली, टायमिंग मूळ जागी आणलं. दहा मिनिटांचं काम.

आबांनी उस्मानला विचारलं, "काय चुकलं हुतं यांचं?"

उस्मानच्या जागी मी असतो, तर काय बोललो असतो ते मला पाठ होतं.

"फार काही नाही, आबा. एक स्प्रिंग बदलायची होती. बुश बघा कसा बसवलाय, माझ्या हातून असा बसला नसता. ट्रक यांच्याकडेच ठेवा."

ट्रक घाट चढला. आबा माझ्याकडेच राहिले, त्यांच्यामागे ते चारही राहिले. माझं दुकान उस्मानच्या एका वाक्यावर टिकलं, हे मला कित्येक वर्षं खुपत होतं. त्याने चारचौघांत माझी चूक सांगितली असती तर निदान त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

धंद्यातला धडा एवढाच की, एखादा पार्ट खराब ठरवण्याआधी तो मुळात कसा होता ते कोणाला तरी विचारावं. कोणाला विचारायचं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.