वाळ्याच्या नाकाची गाडी

अकोल्यातल्या एका सलूनमध्ये न्हाव्याने माझी मान झुकवून वस्तरा फिरवायला घेतला होता, तेव्हा मांडीवरच्या इंग्रजी मासिकात मला ती गाडी दिसली. लालभडक. बोनेट एवढं लांब, की गाडीचं नाक मूर्तिजापुरात पोचलं तरी डिकी अकोल्यातच राहील. गोल दिवे, अंगावरून धावणारे दोन पांढरे पट्टे, आणि बोनेटच्या मधोमध वर आलेली एक रुंद नाकपुडी. खाली लिहिलं होतं की गाडी यंदाच कारखान्यातून निघालेली आहे, पण दिसते चाळीसेक वर्षांपूर्वीच्या गाडीसारखी, आणि मुद्दाम तशीच घडवली आहे. लेखाचा प्रश्न असा: नव्या असून जुन्या दिसणाऱ्या या मसल कारना पुढेमागे भाव येईल का?

मी ते पान हळूच फाडलं. न्हाव्याने आरशातून पाहिलं.

"बाकीचं बी घेऊन जा मास्तर. अथी कोनी वाचत नाई."

त्या वेळी मी अमरावतीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचो आणि गॅदरिंगची नाटकं बसवायचो. त्याआधी काही वर्षं अकोल्यात होतो, आणि तिथे माझ्या सगळ्या राजांचे मुकुट स्टेशनच्या अलीकडच्या एका कूलरवाल्याने केले होते. उरलेल्या पत्र्याचे. सगळं अकोला त्याला चाचा म्हणायचं. त्याचे वडील बाळापूरला पत्र्याच्या पेट्या करत. चाचाने पेट्या सोडून कूलर धरले. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, आवाज माझ्याहून मोठा, आणि स्वतःच्या कामाबद्दल विनय नावाची गोष्ट त्याच्याकडे औषधालाही नव्हती. "अख्ख्या वऱ्हाडात असा पत्रा कोनी वाकवून दाखवावं, मिशा काढतो," असं तो म्हणायचा. मिशा त्याला नव्हत्याच.

पण त्या दिवशी सलूनमधून उठून मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा चाचा दुकानात नुसता बसला होता. ती वर्षं आपल्याकडे वाईट होती. कापूस घरात येईस्तोवर त्याचा भाव पडलेला असायचा, आणि सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे. गावाकडचं गिऱ्हाईक आटलं होतं. शहरात कंपनीचे प्लास्टिकचे कूलर आले होते, खाली चाकं लावलेले.

"त्याले कोनाचा हातच नाई लागला," चाचा त्या कूलरबद्दल म्हणाला. "साच्यातून निंगाला, जशी इडली."

मग माझ्याकडे वळला. "मास्तर, माह्या हातचे कूलर चार उन्हाळ्यात गंजते आन भंगारात जाते. एक तरी वस्तू अशी झाली पाह्यजे, का लोकायनं थांबून इचारलं पाह्यजे, हे कोनं केलं?"

उत्तर म्हणून मी खिशातलं पान त्याच्यापुढे उघडलं.

"हे काय हाय?"

"मसल कार."

"मसल म्हंजे?"

मी बाही वर करून दंड फुगवला. चाचाने दंडाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं. "तुमचा नोका दाखवू. समजलं. नवी हाय?"

"अगदी नवी."

"मंग जुनी कावून दिसून राहिली?"

"मुद्दाम तशी केलीय. हिला पुढेमागे भाव येईल का, असं विचारलंय."

चाचाने डोळे बारीक केले. असा प्रश्न त्याला कुणी विचारलेला नव्हता, आणि मला तर लेख वाचूनही उत्तर सापडलं नव्हतं. "म्हंजे पाहा," तो म्हणाला, "लग्नात पोरी आजीच्या डिझाईनची पाटली नवी घडवून घेते, तसं."

"तसंच."

"मंग भाव येईनच. पाटली कोनं फेकली का आजलग?" त्याचं बोट त्या नाकपुडीवर आलं. "आन हे कायले?"

"हवा आत घ्यायला," मी रंगमंचावरच्या खात्रीने सांगितलं. हवा इंजिनाला लागते की माणसाला, हे त्याने विचारलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं.

"हवा आत घेते," चाचा सावकाश म्हणाला. चेहरा उजळत गेला. "म्हंजे कूलरच हाय ना बे!"

आता एखाद्या पुणेकराला हे पटणार नाही. पण अकोल्याचा मे महिना ज्याने काढला आहे, त्याला पत्र्यातलं भोक दिसलं की त्यात वाळ्याची ताटी दिसते. त्या भोकाचा दुसरा काही उपयोग असू शकतो, हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

ठरलं, अशी एक आपणच करायची. गाडी माझ्याकडे होती. वडिलांची पांढरी, डब्यासारखी, अमरावतीच्या अंगणात उभी. बायको रोज म्हणायची, "अहो, ती भंगारवाल्याला देऊन टाका, निदान तुळशीला ऊन तरी मिळेल." मी गाडी खोकत खोकत अकोल्याला पोचवली. पावसाळाभर आणि हिवाळाभर, म्हणजे कूलरवाल्याला काम नसतं त्या दिवसांत, चाचा तिच्यावर हातोडी चालवत होता. नाक हातभर लांब झालं. दिवे गोल झाले. लाल रंग आला, पट्टे आले. आरटीओ या विषयावर आम्ही दोघांनीही एकमेकांना काही विचारलं नाही.

आणि नाकपुडीत वाळा बसला. त्यामागे एक पाण्याची टाकी, छोटा पंप, आणि इंजिनावरून थेट डॅशबोर्डापर्यंत नेलेली पत्र्याची नळी, वर गोणपाट गुंडाळलेलं. गाडी पळाली की वारा ओल्या वाळ्यातून आत. गाडी थांबली की वारा बंद. जास्तीचं पाणी खालून रस्त्यावर. होळीनंतर आम्ही तिला गावातून फिरवली, तेव्हा मागे रस्त्यावर ओली रेघ उठत गेली आणि त्या रेघेवरून दोन बकऱ्या बराच वेळ आमच्यामागे आल्या.

माझ्या पुण्यातल्या भाच्याने तिचा फोटो इंटरनेटवर टाकला. त्यावरून एका पुणेरी गृहस्थाचा फोन आला. ते जुन्या गाड्या जमवत. अकोल्यात एका जिनिंगच्या गोदामात पडलेली गाडी पाहायला येणार होते, तेव्हा हीही पाहतील. चाचाने त्या दिवशी इस्त्रीचा कुर्ता घातला. मुलीला पाहायला पाहुणे येणार असावेत, तसं दुकान झाडून घेतलं.

गृहस्थ तरुण होते, नम्र होते, आणि मे महिन्यातल्या अकोल्यात जीन्स घालून आले होते. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं आणि नाकावरून फिरवत नेलं. चिकटत गेलं. शेवटपर्यंत चिकटत गेलं; कुठे पुट्टी भरून गोलाई आणलेली असती, तर तिथे ते सुटलं असतं.

"पुट्टी कुठेच नाही?" ते चकित झाले.

"पुट्टी पान्यात सुटते. आमी कूलरवाले हाओ."

"पाण्यात?" त्यांनी नाकपुडीत वाकून पाहिलं. वाळ्याचा वास नाकात गेला असावा, कारण ते जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले. मग सरळ झाले आणि माझ्याकडे वळून, अगदी जपून बोलले. "खरी जुनी असेल तर किंमत असते. कंपनीनेच जुनी दिसेल अशी काढली असेल, तर पुढे येऊ शकते. म्हणजे थोड्या निघाल्या असतील, कुणी नीट सांभाळल्या असतील, लहानपणी ज्यांनी भिंतीवर तिचं चित्र लावलं ती पोरं मोठेपणी पैसेवाली झाली असतील, तर. पण ही..."

"ही काय?" चाचाने विचारलं.

"ही हौस आहे, चाचा."

"हौसेले भाव नसते?"

गृहस्थांनी चुंबक खिशात टाकलं. चाचाने फडक्याने नाक पुसायला घेतलं. ते आधीच पुसलेलं होतं.

त्यांना पुढे अमरावतीला दुसरी एक गाडी पाहायची होती, आणि आम्हाला ही अमरावतीला न्यायची होती. मी म्हटलं, चला. मी चालवायला, गृहस्थ शेजारी, चाचा मागे, तोंड फुगवून. बोरगाव मंजू मागे पडलं आणि गाडीने वेग घेतला. डॅशबोर्डातून ती ओली, हिरवट हवा आली. रस्त्यावर उन्हाच्या लाटा उठत होत्या, आणि पुण्याचे गृहस्थ डोळे मिटून, हनुवटी वर करून बसले होते.

मूर्तिजापूर ओलांडल्यावर टाकी आटली. रस्त्याकाठच्या एका गावात हापशी दिसली म्हणून गाडी थांबवली. थांबेस्तोवर माणसं जमली. त्या दिवसांत आमच्या रस्त्यांनी शेतकऱ्यांच्या हालाची पाहणी करणाऱ्या साहेबांच्या गाड्यांचे ताफे सारखे जात, काचा वर करून. लाल गाडी, जीन्स घातलेला गोरा माणूस, हातात वही नसलेला मी. लोकांनी आपला हिशोब केला.

"दिल्लीचे का मुंबईचे?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"अमरावतीचे," मी म्हटलं.

"मंग लहान साहेब हाय," तो बाकीच्यांना म्हणाला, आणि निम्मे लोक घरी निघाले.

एक बाई मात्र पुढे आली. "मांगच्या टायमाले आले तेईनं काच बी खाली केली नवती. तुमची त काचच उघडी हाय. एशी नाई का गाडीले?"

"एशी नाई, कूलर हाय," मागून चाचा उतरला. "आमी पाहनीवाले नाई, बाई. कूलरवाले हाओ."

कुणीतरी गेलेल्यांना हाक मारली. मग गेलेले निम्मे लोक परत आले. "कूलरवाले? मंग अंगनवाडीचा कूलर पाहून देता का? दोन वर्सं झाले, बंद पडून राह्यला. लेकरं भाजून निंगते."

चाचाने माझ्याकडे पाहिलं. तोंड अजून फुगलेलं होतं, पण बाह्या वर चालल्या होत्या. अंगणवाडीच्या ओट्यावर त्याने कूलर उलटा पाडला. मोटर ठीक होती. तळाचा पत्रा गंजून खाली आला होता. गृहस्थ जीन्स सावरत शेजारी उकिडवे बसले आणि पाना धरायला लागले. "उलटा पकडला," चाचा त्यांना म्हणाला. "पुन्याले असंच पकडते का?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आमच्या टाकीच्या डागडुजीला डिकीत ठेवलेला जास्तीचा पत्रा तिथे लागला, वाळ्याची एक जास्तीची ताटी होती ती गेली. कूलर चालू झाला, तेव्हा त्या बाईने त्यात आधी हात घातला, मग तोंड.

"कोनतं गाव तुमचं?" आम्ही निघताना म्हाताऱ्याने चाचाला विचारलं. "पुन्हा बिघडलं त कोनाले इचारू?"

चाचाने दुकानाचा पत्ता सांगितला. दोनदा सांगितला.

गाडीत बसल्यावर गृहस्थांनी हाताला लागलेला गंज पुसला. मग मागे वळले. "चाचा, आपल्या गाडीच्या नाकातही हेच होणार ना? पाण्याने?"

"होईन ना. चार उन्हाळे. मंग नवं नाक ठोकाचं."

"स्टेनलेस स्टीलचं करा की. कायमचं टिकेल. आणि टिकलं, तर सांगता येत नाही, भावही येईल."

"कायमचं टिकलं त मले कोन बोलावीन?"

गृहस्थ हसले. मग हसायचे थांबले. अमरावतीला उतरताना त्यांनी नाकावरून एकदा हात फिरवला, चुंबक न काढता, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, ही विकू नका."

मी तसंच चाचाच्या कानावर घातलं. त्याने विचार केला. "विकू नका म्हंजे भाव हाय म्हनते, का नाई म्हनते?"

मला अजून कळलेलं नाही.

मासिकातल्या त्या गाड्यांचं पुढे काय झालं, हे मी कुतूहलाने पाहत आलो. भाचा सांगतो, काहींना लोक शोधत फिरतात, काहींकडे कुणी ढुंकून पाहत नाही, आणि नव्या असताना कुणालाही सांगता आलं नसतं कुठली कुठे जाईल. माझ्या अंगणातल्या गाडीपुढे मात्र रस्त्याने जाणारा माणूस थांबतोच. आधी "कोनती कंपनी?" मग वास घेऊन, "हे कोनं केलं?" मी ते दरवेळी फोन करून चाचाला कळवतो. पुण्याचे गृहस्थही होळी झाली की फोन करतात. किमतीचं बोलत नाहीत. "नाक कसं आहे?" एवढंच.

आणि होळी झाली की चाचा येतो. वाळा बदलतो, पत्रा ठोकून ऐकतो, गंज चढला असेल तर नवं नाक बसवतो. अंगणातला खडखडाट ऐकून बायको म्हणते, "आले तुमचे शिल्पकार," आणि चहात साखर जास्त घालते, कारण चाचाला तशीच लागते.

यंदा चाचा आला तो गोणपाटात गुंडाळलेला पत्रा घेऊन. चाचा स्वतः वाकलेला होता, उजवा हात पोटाशी धरलेला. खुर्चीत बसला आणि गोणपाट उलगडलं. आत चकचकीत स्टीलचा पत्रा. त्यात माझा चेहरा दिसत होता, चाचाचाही.

"हे लावा," तो म्हणाला. "गंजीन नाई. माह्या खांद्यानं आता हातोडी उचलत नाई, मास्तर. एखाद्या गॅरेजवाल्याकडून वाकवून घ्या. मंग कटकट गेली."

मी पत्र्यावर बोट वाजवलं. खणखणीत वाजला. जुन्या नाटकातल्या आवाजात मी म्हटलं, "याचा मुकुट होईल, महाराज. नाक होणार नाही."

"ऐका ना बे."

"परत करा तो. साधा आणा. गंजणारा."

"आन ठोकीन कोन? तुमी?"

"मी ठोकतो. तुम्ही शिव्या द्या."

"पागल झाला का मास्तर? कूलर हाय तो, इतिहास नाई."

पण मागच्या खोपटात मागच्या वेळचा एक साधा पत्रा उरला होता, तो मी काढून आणला. ओट्यावर ठेवला, हातोडी घेतली आणि पहिला घाव घातला. पत्रा भलतीकडेच दबला. दुसऱ्या घावाला त्याचा द्रोण झाला. खिडकीतून बायको हसली.

"अरे बापा," चाचा खुर्चीतून उठला. "हातोडी अशी धरते का कोनी? सरका. सरका तिकडे. डाव्या हातानं दाखवतो तुमाले."