फर्स्ट डिव्हिजन आणि आमचे होणारे शेठ

आमच्या क्लबचा एखादा किस्सा सांगायला घेतला की शेजारचा हमखास म्हणतो, "अरे, त्याच्या आधीचं सांग ना!" आणि आधीचं सांगायला गेलं की त्याच्याही आधीचं निघतं. मॅच झाली की मी वहीत चार ओळी लिहून ठेवतो. कोण खेळलं, गोल कुणी केला, ऊन होतं की ढगाळ. पण वही चाळायला बसलं की गोल कमी आणि असल्याच गोष्टी जास्त सापडतात. यंदाच्या तर एवढ्या साठल्या की दुसरी वही आणावी लागली!

आमचा फुटबॉल क्लब गुजराती मुलखातल्या गोडादऱ्यात लूमवर कापड विणणाऱ्या कामगारांचा. बहुतेक सगळे धुळे, नंदुरबार, जळगावकडचे. आमचे कोच रामदास अण्णा. बारा तासांची पाळी करून अठरा वर्षं त्यांनी ही टीम चालवली आणि अठराही वर्षं आम्ही सेकंड डिव्हिजनमध्ये मुक्काम केला. यंदा मात्र वर गेलो.

वर गेलो हे आम्हाला कळलं तोच पहिला किस्सा.

*

शेवटची मॅच आम्ही हरलो होतो. तोंडं पाडून सगळे घरी गेले. आमच्या मागचा संघही त्याच दिवशी हरला, त्यामुळे वर जाणाऱ्या दोघांत दुसरा नंबर आमचाच राहिला, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

लीगचे सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन करत होते. लूमच्या खडखडाटात फोन ऐकू येतो कुणाला! शेवटी ते स्वतःच कारखान्यात आले. दारातच त्यांना आमचा गोलकीपर भगवान भेटला. साहेबांना बघून त्याचा चेहराच उतरला. त्याने हात जोडले.

"साहेब, पंचांच्या स्कूटरची हवा मी काढली, कबूल आहे. पण सीट फाडली ती मी नाही!"

सेक्रेटरींनी त्याचे जोडलेले हातच धरून हलवले. मग म्हणाले, "तुम्ही फर्स्ट डिव्हिजनला आलात, अभिनंदन करायला आलोय. पण ते सीटचं पुढे सांगा."

*

आनंद चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी लीगचं पत्र आलं. फर्स्ट डिव्हिजनला ड्रेसिंग रूम पाहिजे, जर्सीचे दोन सेट पाहिजेत, आणि मुख्य म्हणजे क्लब चालवण्याची जबाबदारी घेणाऱ्या स्पॉन्सरचं सहीचं पत्र पाहिजे. महिनाअखेरीपर्यंत हे झालं नाही तर आमची जागा खालच्या संघाला.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "अठरा वर्षं लागली इथवर यायला. पुन्हा अठरा माझ्याकडे नाहीत."

त्या दिवसापासून पोरं सोडा, बायकासुद्धा कामाला लागल्या. ड्रेसिंग रूमचं काम त्यांनीच घेतलं. मैदानाच्या कडेला चार बांबू ठोकले आणि प्रिंट बिघडलेल्या साड्यांच्या भिंती केल्या. आत खिळे, आरसा, पाण्याचा माठ, सगळं!

लीगचे अधिकारी तपासणीला आले. आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. आमचा जीव टांगणीला. शेवटी त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं.

"ही जांभळ्या काठाची कुठल्या मार्केटची? आमच्या घरी बरेच दिवस शोधतायत."

बायकांनी ती साडी सोडून, घडी करून त्यांच्या हातात दिली. प्रिंट बिघडलेली आहे, हेही सांगितलं. ते म्हणाले, चालेल. ड्रेसिंग रूम पास झाली आणि अधिकारी गेले तेव्हा तिला तीनच भिंती होत्या!

*

आता राहिला स्पॉन्सर. चहाच्या टपरीवर रोज नवी बातमी. पांडेसऱ्याचा कुणी कापड रंगवणारा डाइंगवाला येणार आहे. नाही नाही, हिरेवाला आहे. अरे, परदेशातून येतोय! मैदानाजवळ पांढरी गाडी थांबली की प्रॅक्टिसला एकदम जोर यायचा.

एक पांढरी गाडी ओळीने तीन दिवस आली. आतला गृहस्थ मैदान निरखून बघायचा, पावलांनी मोजायचा, मान डोलवायचा. आम्ही त्याला चणाडाळीचा गरम लोचो खायला घातला, चहा दिला, खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी अण्णांनी धीर करून विचारलं, "मग शेठ, काय ठरवलंत?"

"ग्राउंड एकदम सरस छे," तो म्हणाला. "काले वाइफने लई आवुं. तिला गाडी शिकवायची आहे."

बाई दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. खाल्लेल्या लोचोची लाज त्यांच्या नवऱ्याला वाटली असावी, कारण त्याने जाताना आम्हाला दोन नवे बॉल आणून दिले. आणि बाईंची गाडी चुकवून चुकवून आमचा डिफेन्स असा तयार झाला की अण्णा म्हणाले, "यांना अजून आठ दिवस शिकू द्या."

*

मग एक खरा माणूस आला. पांडेसऱ्यात मिल असलेल्या एका शेठचा मॅनेजर. कोट घातलेला, हातात कराराचा कागद आणि नमुन्याची जर्सी.

त्याने दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. कागदाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. चाळीस माणसं जर्सीवर तुटून पडली! एकाने उजेडात धरून वीण बघितली. दुसऱ्याने ओढून बघितली. तिसऱ्याने बाहीचा धागा उसवून लायटरवर धरला, त्याचा वास घेतला, वितळून झालेली गोळी बोटाने चोळली. "पॉलिएस्टर आहे. पण पीळ कमी पडलाय." मग चौथ्यालाही धागा जाळून बघायचा होता. पाचव्यालाही.

मॅनेजर कागद पुढे करून "पण अटी तर वाचा" म्हणत राहिला. तोवर जर्सीची एक बाही संपली होती.

आमच्यातले सगळ्यांत वडील म्हणजे भिका नाना. त्यांनी शेवटचा निकाल दिला, "कापड पास शे. आते माणूस देखू."

आणि त्यांनी मॅनेजरच्या कोटाची बाही चिमटीत धरली!

*

मॅनेजर तडक गेला. संपलं सगळं, असं आम्ही धरून चाललो. पण त्याने जाऊन शेठना हे सांगितलं तेव्हा शेठ म्हणे पोट धरून हसले आणि म्हणाले, मला ही माणसं बघायची आहेत. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते स्वतः आले.

आम्ही एक मॅच ठेवली होती. शेठ गोलच्या मागे, आमच्यापासून पंचवीसेक पावलांवर, पूर्ण वेळ उन्हात उभे राहिले. नानांनी कापडी पिशवीत फटाक्यांची माळ आणली होती. मॅच संपल्यावर शेठ मॅनेजरकडे वळून हळू आवाजात काही बोलले.

आता लूमवर जन्म काढलेल्या माणसांना कानांचा उपयोग नसतो. तिथे सगळं बोलणं ओठांवरून वाचायचं. पंचवीस पावलं म्हणजे आम्हाला शेजारी बसल्यासारखं. आणि गुजराती तर आता घरातलीच झाली आहे.

"ना," शेठ म्हणाले होते. "आपणुं काम नथी."

शंभर माणसांनी ते एकदम वाचलं. अण्णांनीही. ते नानांकडे वळले. म्हणाले, "नाना, पिशवी झाका. आणि कुणी तोंड पाडू नका. पाहुणा आहे. त्याच्यावर नाही म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही."

शेठ घसा खाकरत आमच्याकडे आले. "जुओ भाई, वात एम छे के..."

"आधी चहा, शेठ," अण्णा म्हणाले.

"हा, पण मारे कहेवुं छे..."

"थंड होईल."

भगवानने ग्लोव्हज काढून हात मिळवला. बायकांनी नमस्कार केला. अण्णा म्हणाले, "आजवर कुठला मिलमालक आमचा खेळ बघायला आला नव्हता. तुम्ही अख्खी मॅच उभ्याने बघितली. आम्हाला पोचलं." ते मनापासूनच म्हणाले. मी शेजारीच होतो.

शेठनी आणखी एकदा तोंड उघडलं. कुणीतरी बिस्किटं पुढे केली. शेवटी ते सांगायचं तसंच ठेवून हात जोडून निघाले.

गाडीत बसले. काच वर झाली. पण गाडी सुरू होईना. शेठ काचेतून आमच्याकडे बघत बसले होते. मग त्यांचे ओठ हलले.

मॅनेजरने स्टिअरिंगवरचे हात काढून त्यांच्याकडे बघितलं. त्याला बहुतेक नीट कळलं नसावं. शेठ पुन्हा तेच बोलले. आम्ही मात्र पहिल्यांदाच वाचलं होतं.

इकडे नानांनी पिशवीत हात घालून माळ बाहेर काढली.

"काडीपेटी कोनाकडे शे रे?"