मामांचं उत्तर

डोक्यानं जगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या थोरल्या आत्याच्या यजमानांइतकं फक्त डोक्यातच राहणारं माणूस सबंध निजामी मुलखात दुसरं नसेल. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. हैदराबादेत पदार्थविज्ञान शिकून ते नांदेडच्या सरकारी शाळेत मास्तर झाले होते. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, त्यामुळं गणित उर्दूत करायचे आणि भूक मराठीत लागायची. तीही आत्यानं आठवण करून दिल्यावर. अणूच्या पोटात काय चालतं याचा हिशोब ते वर्षानुवर्षं मांडत होते. कागद संपला की कोळशानं न्हाणीघराची भिंत भरायची. आंघोळीला गेलेला माणूस पाणी थंड झाल्यावर बाहेर यायचा, आणि तो नेहमी मामाच असायचा. आत्यानं एकदा वांगी आणायला पाठवलं तर गोवर्धन घाटावर जाऊन, तास-दोन तास गोदावरीकडं बघून, रिकाम्या पिशवीनं परतले. "वांगी?" आत्यानं विचारलं. "चूक सापडली," मामा म्हणाले.

विज्ञान शिकलेला माणूस म्हणून गावाला त्यांचा भारी भरवसा होता. जर्मनीशी लढाईचे दिवस होते. तहसीलदारांचा रेडिओ बंद पडला, तसा शिपाई मामांना घेऊन गेला. मामांनी रेडिओकडं बराच वेळ आदरानं पाहिलं. मग म्हणाले, "साहेब, हा का वाजतो ते मी सांगू शकतो. का वाजत न्हाई, ते मला ठाऊक न्हाई." तहसीलदारांनी चहा पाजून त्यांना परत पाठवलं. "एवढं शिकून उपयोग काय?" आत्या म्हणाली. मामांना तो प्रश्न मूलभूत वाटला आणि ते त्याच्यावरही दोन दिवस विचार करत राहिले.

मग एका दुपारी हैदराबादच्या मित्रानं धाडलेलं विलायती मासिक आलं. लढाईमुळं ते कितीतरी महिने वाटेतच होतं. मामांनी उभ्याउभ्या चाळलं आणि ओट्यावर बसले. त्यांचाच सगळा हिशोब कुणा परदेशी माणसानं आधी पुरा करून छापला होता.

"म्हणजे तुमची इतकी वर्षं पाण्यात?" आत्यानं विचारलं.

"पाण्यात कशी? उत्तर तेच आलंय."

ते उठले, चपला घालून बाहेर पडले आणि पेढे घेऊन आले. आळीभर वाटत सुटले. शेजारच्या वकिलांनी पेढा हातात घेत विचारलं, "मास्तर, मुलगा झाला की काय?"

"मला न्हाई, दुसऱ्याला झाला," मामा आनंदानं म्हणाले. "पण तोंडावळा हुबेहूब माझा."

वकिलांनी पेढा पुडक्यात परत ठेवला. आत्या घरात निघून गेली.

संध्याकाळी मामांना जेवायला वाढताना तिनं हळूच विचारलं, "खरंच वाईट न्हाई वाटलं?"

मामा म्हणाले, "वाटलं की. तो माणूस तिकडं एकटाच बसून हिशोब करत असणार. हितं नांदेडात कुणीतरी त्याच्या संगं चालून राहिलं होतं, हे त्याला कधी कळायचं न्हाई."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो तसाच हातात राहिला. आपलं ताट वाढून घेऊन, पुरुषांचं झाल्याशिवाय कधीही न जेवणारी आत्या त्यांच्या शेजारी जेवायला बसली.