खिडकीतला रंगीत विंड चाइम आणि आमचे अण्णा

मंडळी, आज घरीच विंड चाइम बनवला! फुटक्या तावदानाच्या काचा घासल्या, ग्लास कलरनं रंगवल्या अन् नायलॉनच्या दोरीनं खिडकीत टांगल्या.

आमचे सासरे, अण्णा, यांना आता बिलकुल ऐकू येत न्हाई. तरी खिडकीकडं पाठ करून समोरच्या भिंतीकडं बघत बसले. काय बघून राह्यलेत, मला कळेना.

मंग मी स्वयंपाकघरात मिक्सर लावला. तेवढ्यात अण्णांची हाक आली, "सूनबाई, वाजून राह्यलं बघ!"

मिक्सर बंद केला. खरंच वाजत होतं!

पळत गेले. भिंतीवर लाल-निळे कवडसे एकमेकांवर आपटत होते, अन् अण्णा मांडीवर बोटानं ताल धरून बसलेले.

आता तुम्हीच सांगा, आधी ऐकलं कोणी?