दोन मंगल

शकुंतला सिस्टर यादीतलं नाव वाचत नसत, हाक मारत. "ए पारूबाई!" म्हणून क्षणभर थांबत, मग पुढच्या नावाकडे वळत. बारामतीच्या आमच्या छोट्या ऑफिसात पहिल्या दिवशी मी चक्क दाराकडे वळून पाहिलं होतं.

इंदापूर तालुक्यात नर्स म्हणून उभा जन्म हिंडून त्या निवृत्त झाल्या होत्या. रक्तदाबाच्या रुग्णांना घरपोच गोळ्या देणाऱ्या आमच्या संस्थेनं त्यांना माझ्या मदतीला बोलावलं. माझं काम तीन याद्यांची एक यादी करायचं. आरोग्यसेविकांच्या वहीत घरात हाक मारतात ते नाव आणि अंदाजे वय. शिबिराच्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव आधी. दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं इंग्रजीत. एकच बाई तिन्हीकडे तीन बायका होऊन बसलेली.

"बायजा म्हंजी वैजयंता," सिस्टर सांगत. "दत्ता, दत्तू, दत्तात्रय एकच. पन सागर, एवढ्यावर जाऊ नको. फोन लाव, इचार. नाव जुळलं म्हंजी माणूस जुळलं, असं न्हाय."

फोनवर त्या गोळ्यांचं शेवटी काढत. आधी माहेर कुठलं, गुडघा कसा आहे, लेक दिवाळीला आली होती का. एका नावाला वीस मिनिटं जात.

मला एवढा धीर नव्हता. यादी महिनाअखेरीला द्यायची होती. लेकीच्या बाळंतपणासाठी सिस्टर आठवडाभर रजेवर गेल्या, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या सगळ्या जोड्या मी कॉम्प्युटरला शिकवल्या. गाव एक, आडनाव एक, वय जवळपास आणि नावं सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे जुळणारी, तर नोंद एक. दुपारभरात काम उरकलं.

परत आल्यावर सिस्टरांनी यादी पाहिली. "समद्यांना फोन केलास?"

मी चहा मागवला.

तीन महिन्यांनी सणसरकडच्या एका वस्तीवरून फोन आला. मंगलबाईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. गोळ्या कधीच्या बंद होत्या. आम्ही दोघं गेलो. भिंतीला भिंत लागून दोन घरं, दोघी चुलतजावा, दोघी मंगल. एकीचा नवरा दत्ता, दुसरीचा दत्तात्रय. माझ्या यादीत दोघींची मिळून एक बाई झाली होती, आणि गोळ्यांचं एकच पाकीट शेजारच्या घरी जात होतं.

"मला वाटलं, हिच्या गोळ्या दवाखान्यातनं येत्यात," जाऊ रडत म्हणाली.

मंगलबाई काहीतरी सांगू पाहत होत्या. ओठ हलत, शब्द येत नव्हता. सिस्टर त्यांचा लुळा हात मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मी उंबऱ्याशी उभा.

परतताना एसटीत त्या म्हणाल्या, "दत्ता म्हंजी दत्तात्रय, ह्ये मीच सांगितलं व्हतं तुला."

"चूक माझी आहे, सिस्टर."

"व्हय, तुझी हाय. पन शब्द माझा व्हता."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक केलेली सगळी नावं पुन्हा सुटी करायला बसलो. शिबिराचे मूळ फॉर्म रद्दीत गेले होते. दोन्ही मंगलचे रक्तदाबाचे जुने आकडे एकाच नोंदीत मिसळले होते. कुठला कोणाचा, ते कुणालाच सांगता येईना. बरेच फोन लागत नव्हते. सिस्टर पत्ते लिहून घेत आणि एसटीनं गावोगाव जात. संध्याकाळी पाय सुजलेले असत आणि कागदावर जेमतेम दोन नावांपुढे खूण.

पंधरवड्यात मंगलबाई गेल्या. मी 'मयत' लिहायला नोंद उघडली आणि थांबलो. आकडे सुटे होत नव्हते, म्हणून दोघींची नोंद अजून एकच होती. ती बंद केली असती तर जिवंत मंगलच्या गोळ्या थांबल्या असत्या. म्हणून मी नवी ओळ घेतली, गेलेल्या बाईचं पूर्ण नाव पहिल्यांदाच नीट लिहिलं आणि पुढे 'मयत'.

सिस्टर मागे उभ्या होत्या. "आत्ता मिळाली व्हय तिला जागा?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता; म्हणूनच मला मान वर करता आली नाही.

त्या पिशवी उचलून स्टँडकडे गेल्या. पुन्हा ऑफिसात आल्या नाहीत.