ताटात पडलेली ओवाळणी

माझं शुद्धलेखन चांगलं नाही आणि अक्षर तर त्याहून वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली. मग हात पिठात आणि सुईदोऱ्यात राहिला, लेखणी फारशी हातात आली नाही. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये. एवढी माफी आधीच मागून ठेवते.

निवडणूक आली आहे. पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सकाळपासून भोंगे लावलेल्या रिक्षा फिरतात. परवा जेवताना मुलगा आणि सून भांडत होते. कुठल्याशा उमेदवाराला एका बदनाम माणसानं पाठिंबा दिला होता, तो त्यानं नाकारावा की नाही, यावरून.

मुलगा म्हणाला, "पाठिंबा त्यानं दिला. ह्यानं मागितला होता का? मग ह्याचा काय दोष?"

सून म्हणाली, "मग नको म्हणायला ह्याला तोंड नाही का?"

मुलानं मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "भाकरी वाढू का अजून?"

दोघंही हसले. मला चारचौघांत बोलता येत नाही, घरातसुद्धा नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे, आणि ते त्याच्या वडिलांचं आहे. तो तेव्हा पाळण्यात होता.

निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही औरंगाबादेत, आता ज्याला क्रांती चौक म्हणतात त्याच्या अलीकडं एका बोळात राहायचो. ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. अंगणाच्या पलीकडच्या खोलीत आपा राहायची. आपा म्हणजे ह्यांच्या गावच्या शिंप्याची विधवा. गावात त्या शिंप्याला सगळे दर्जीमामू म्हणायचे.

गाव पैठणच्या वाटेवरचं. रझाकारांच्या वेळी गावात लई वाईट दिवस आले. गावच्या मालकांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, कडब्याच्या गंजी त्यांनी जाळल्या, मालकांच्या धाकट्या भावाला मारलं. हे खोटं नाही, मालकांचंही दुःख खरंच होतं. त्याच दिवसांत रझाकारांनी दर्जीमामूच्या दारात खाकी कापडाचा गठ्ठा टाकला, समोर बंदूक धरली आणि कपडे शिवून घेतले. मग ॲक्शन झाली, रझाकार पळाले. ज्यांनी गंजी जाळल्या ते सापडले नाहीत. दर्जीमामू मात्र घरीच होता. मालक माणसं घेऊन निघाले. रझाकारांचे कपडे शिवले म्हणजे हा त्यांचाच, असं म्हणून मामूला विहिरीजवळ गाठलं. पुढचं मी लिहीत नाही.

माझ्या सासूबाईंनी आपाला बैलगाडीत कडब्याखाली निजवून शहरात आणलं. गाडी ह्यांनी हाकली. वाटेत दोनदा माणसांनी अडवलं, तेव्हा ह्यांनी विडी पेटवली आणि आजारी बैलाच्या गोष्टी सांगितल्या. ही हकिकत मी सासूबाईंच्या तोंडून ऐकली. हे स्वतः कधी बोलले नाहीत. फक्त कुणी मामूचं नाव काढलं की एवढंच म्हणायचे, "कपडा शिवला म्हणून माणूस त्यांचा होत नसतो."

आपाला मूलबाळ नव्हतं. शिवणाच्या मशीनवर तिचं पोट चाले. माझ्या मुलाचा जन्म तिच्या हातावर झाला. ती मला दुल्हन म्हणायची, मुलगा झाल्यावरही दुल्हनच.

नगरपालिकेची निवडणूक लागली तेव्हा लोकांनीच ह्यांना उभं केलं. बोळात नळ नव्हता. हे लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, कचेरीत चकरा मारायचे, सायकलचं पंक्चर उधार काढायचे. निशाणी मिळाली छत्री. आपानं पिवळ्या कापडावर काळ्या छत्र्या लावून झेंडे शिवायला घेतले. मी दांडे कापायची, ती मशीन चालवायची.

"भय्या चुनके आया तो पहला नल कां लगेगा?" ती विचारायची.

"तुमच्या दारात, आपा."

"नक्को बाबा. सब औरतां मेरेच दरवाजे पे झगडा करिंगे."

अशात एक दिवस मालक दुकानावर आले. गावचा पोरगा उभा राहतोय म्हणून पैसे आणि जीप देतो म्हणाले. शहरात त्यांची लाकडाची वखार होती, गावाकडून आलेली पुष्कळ माणसं त्यांच्या शब्दात होती. त्यांच्याकडं बोट दाखवणारेही होते, आणि त्यांनी गाव राखलं म्हणून पाया पडणारेही.

ह्यांनी पैसे घेतले नाहीत. घरी येऊन सांगितलं, "मी स्वच्छ नको म्हणालो."

"काय म्हणालात?"

"पैसे नकोत मालक, तुमचा आशीर्वाद असू द्या, म्हणालो."

आपल्याकडं मोठ्या माणसाला नुसतं नको म्हणता येत नाही, काहीतरी मागं ठेवावं लागतं. चहा नको, पाणी चालेल. पैसे नकोत, आशीर्वाद द्या. ह्यांनी तेवढंच केलं. आणि मालक आशीर्वाद द्यायला आले.

प्रचाराचा नारळ मारुतीपुढं फुटला. माणसं घरी आली, मी पाट मांडून ह्यांना ओवाळलं. तेवढ्यात दारात जीप थांबली. मालक उतरले, सरळ आत आले आणि दुसऱ्या पाटावर बसले. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, मालकांनाबी ओवाळा की."

पाटावर बसलेल्या माणसाला न ओवाळता ताट कसं खाली ठेवायचं? मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी मान खाली घातली. मी ओवाळलं. मालकांनी खिशातून नोटांची गड्डी काढून ताटात ठेवली आणि मोठ्यानं म्हणाले, "हा उमेदवाराला पैका नाही बरं. ही माझ्या बहिणीला ओवाळणी. आता नाही म्हणून दाखव गड्या!"

सगळे हसले. ओवाळणी परत करत नसतात. पाचशे रुपये होते. अंगणापलीकडं आपाची मशीन चालू होती, ती थांबली.

त्या संध्याकाळी ह्यांच्यापुढं ताट वाढलं, पण हे जेवेनात. म्हणाले, "मी त्यांना बोलावलं नव्हतं. ते माझ्या दारी आले म्हणजे मी त्यांचा झालो का? दर्जीमामूनं कपडे शिवले, तो त्यांचा झाला होता का?"

मी लग्नानंतर ह्यांना उलट बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बोलले.

"मामूसमोर बंदूक होती," मी म्हटलं. "तुमच्यासमोर काय होतं? माझं ताट."

हे ताटावरून उठले. अंगण ओलांडून आपाच्या दारात गेले. मी उंबऱ्यातून ऐकलं.

"आपा, चौकात सभा आहे. तिथं सगळ्यांसमोर सांगतो, की मला त्यांचा पाठिंबा नको. पैसेही तिथंच परत करतो."

आपा म्हणाली, "तुम इत्ता बोलो भय्या. जीते तो जीते, हारे तो हारे. मैं झंडे सीती बैठतीऊं."

आणि तिनं खरंच रात्र रात्र बसून शिवले. रातांधळी होईल असं मी म्हणायची, तर हसायची. ती त्या घरात राहणार की नाही, हे सभेतल्या ह्यांच्या त्या एका वाक्यावर होतं. मला माहीत होतं, ह्यांनाही माहीत होतं.

सभेच्या दिवशी मी पाचशे रुपये रुमालात बांधून ह्यांच्या खिशात ठेवले. बायकांच्या बाजूला सतरंजी होती, तिथं आपा माझ्याशेजारी बसली. मालक आधीच मंचावर होते, मधल्या खुर्चीवर. ते उठून म्हणाले, "हे आमच्या गावचं लेकरू. गाव राखलं तसं ह्याला राखू." लोकांनी लई टाळ्या वाजवल्या. समोर आपानं शिवलेले झेंडे हलत होते.

मग हे उठले. पाण्याबद्दल बोलले, चांगलं बोलले. नळ, गटार, कंदिलाचे खांब. मी त्यांच्या हाताकडं बघत होते. हात खिशापाशी गेला, रुमालावर थांबला. मंचाच्या मागं मालकांची माणसं उभी होती, पुढं टाळ्या वाजवणारे बसले होते, आणि त्यातले निम्मे मालकांच्या शब्दातले, हे ह्यांना दिसत होतं. हात परत वर आला.

"आणि ज्यांनी ज्यांनी मला पाठिंबा दिला," हे म्हणाले, "त्या सर्वांचा मी आभारी आहे."

आपा उठली. बुरख्याला लागलेली धूळ झटकली. मी तिचा हात धरला, तर तिनं माझ्या हातावर थोपटलं, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि हात सोडवून घेतला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "नाव घेतलं नाही मी त्यांचं. सर्वांचे आभार म्हणालो." माझं जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

रुमालातले पैसे पत्रकं छापण्यात आणि जीपच्या पेट्रोलात गेले. हे निवडून आले.

विजयाची मिरवणूक आमच्या बोळातून निघाली. मालकांची माणसं पुढं होती. आपाच्या दारापुढं येऊन ढोल थांबला आणि तिथंच वाजत राहिला. तिनंच शिवलेले झेंडे तिच्या खिडकीवर आपटत होते. एकजण ओरडला, "शिंप्याची बाई, बाहेर ये! गुलाल घे!" बाकीचे हसले. हे जीपमध्ये मालकांच्या शेजारी उभे होते, गळ्यात हार. मी दारातून ह्यांना हाक मारली, पण माझा आवाज कुठं पोचणार? हे पुढं बघत राहिले. ज्याच्या जीपमध्ये उभं राहायचं, त्याचा ढोल कसा थांबवायचा?

आठवड्याच्या आत आपा जालन्याला तिच्या बहिणीकडं गेली. मशीन टांग्यात चढवायला हे पुढं झाले, तर ती म्हणाली, "रहने दो भय्या, टांगेवाला है." मला म्हणाली, "दुल्हन, तेरे घर का नमक खायी मैं. इनोच गाडी हाकले थे, मैं भूली नै. पर अब मेरेकू इनके मूं की तरफ देखना नै होता."

मुलाचा पापा घेतला आणि गेली. पुन्हा भेटली नाही. पुढं ती वारल्याचं कळलं, तेही कुणाच्या तरी बोलण्यातून.

बोळात नळ आला. तो आपाच्या रिकाम्या खोलीच्या दारात बसवला, कारण पाइप तिथूनच जात होता. बायका तिथं भांडायच्या, ती म्हणाली होती तशाच.

मालक काही फुकट आशीर्वाद देणारे नव्हते. आज वखारीसाठी जागा, उद्या कुणाच्या तरी बिलावर सही. प्रत्येक वेळी माणूस येऊन म्हणायचा, "मालकांनी बहिणीच्या घरी निरोप धाडलाय." हे नाही म्हणू शकले नाहीत. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. दुकानात बसायचे, बोलायचे कमी. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "गाडी हाकताना भ्या वाटलं नव्हतं गं. रस्त्यात सगळं गाव बघत नव्हतं म्हणून असेल." त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत.

घरात, दुकानात, आपाच्या दारात ह्यांनी नको म्हटलं होतं. चव्हाट्यावर म्हटलं नाही. मुलाला मी सांगितलं असतं तर हेच सांगितलं असतं. वाईट माणूस तुमच्या दारी येतो त्यात तुमचा दोष नाही, पण त्यानं जिथं तुम्हाला आपलं म्हटलं तिथंच, तेवढ्याच लोकांसमोर, नाही म्हणावं लागतं. नंतर म्हणायला जागा उरत नाही. आणि ज्यांना त्या माणसानं उजाड केलं, त्यांना तुमच्या मनातलं ऐकू येत नाही.

पण ओवाळणी माझ्या ताटात पडली होती. ती ह्यांच्याबरोबर गेली नाही.

माळ्यावर झेंड्यांचं गाठोडं होतं. ते सोडून मी झेंडे उसवले. पिवळं कापड, काळ्या छत्र्या, आपाची बारीक टीप. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये ते घालून वाकळा शिवल्या आणि विकल्या. नंतर लोक आपणहून वाकळा शिवायला टाकू लागले. घरखर्चातून आणि मुलाच्या शाळेतून उरेल ते डब्यात टाकत गेले. पहिली रक्कम मालकांना मनिऑर्डरनं पाठवली, ती परत आली, घेतली नाही म्हणून. तेव्हा कळलं की पोस्टमनच्या हातानं हे व्हायचं नाही. पूर्ण जमेपर्यंत मुलगा हायस्कुलात गेला.

एसटीनं गावाला गेले. मुद्दाम बाजाराच्या दिवशी. मालक म्हातारे झाले होते, ओट्यावर खाटेवर बसले होते. भोवती माणसं होती, बाया माळव्याच्या पाट्या घेऊन बाजाराला चालल्या होत्या. मी पदराची गाठ सोडली आणि पैसे त्यांच्यापुढं ओट्यावर ठेवले.

"ही तुमची ओवाळणी, मालक."

त्यांनी ओळखायला वेळ घेतला. मग म्हणाले, "येडी का काय तू? बहिणीनं ओवाळणी परत करायची म्हंजे भाऊ मेला असं व्हतं."

"व्हय," मी म्हटलं.

ते जरा मोठ्यानं निघालं असावं. पाट्या घेतलेल्या बाया थांबल्या. ओट्यावरची माणसं मालकांकडं बघायला लागली. मालकांनी पैशाला हात लावला नाही. मी तिथंच उभी राहिले. ऊन डोक्यावर होतं. शेवटी दारातून त्यांची बायको आली, खाली बसली, नोटा आणि चिल्लर सगळ्यांसमोर मोजली आणि पदरात घेतली.

"पुरते पाचशे हायेत," ती म्हणाली.