व्हर्लीनच्या वेण्या आणि एकवीस टिकल्या

मेम्फिसमधल्या ऑरेंज माउंड या आमच्या काळ्यांच्या वस्तीत व्हर्लीन टब्सच्या खुर्चीत वेण्या घालून घ्यायला बसायचं तर तोंड बंद ठेवावं लागतं. मान वळवली की कंगव्याचा दांडा टाळक्यात बसतो. मी पासष्टीची झाले तरी मला सूट नाही. "अर्नेस्टीन, चर्चमध्ये गप्प बसतेस ना? मग इथेही बस." घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची, एक सिंक आणि सरावाचं एक नकली डोकं, एवढ्यावर तिने चाळीस वर्षं अर्ध्या मेम्फिसच्या वेण्या घातल्या.

तिची नात जनाया आठ वर्षांची. तिची आई, म्हणजे व्हर्लीनची लेक, गोदामात कामाला. तिथे सुट्टी मागितली की नोकरीच सुटते, म्हणून पोरीचं सगळं आजीकडे. सहाव्या वर्षापासून जनाया बोलता बोलता थिजायची, ओठांची मचमच करायची, कधी कोसळायची. शाळेतल्या बाईंनी याचं निदान तत्काळ केलं: उद्धटपणा. औषधही ठरलेलं होतं, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा बाक. दोन वर्षं ते बिनचूक दिलं गेलं. पूर्वेकडच्या वस्तीतल्या गोऱ्या पोराला असं झालं असतं, तर त्याला मेंदू आहे हे शाळेला आठवड्यात कळलं असतं.

शेवटी ती त्या बाकावरूनच पडली, तेव्हा फिट शाळेलाही दिसली. इस्पितळातले डॉक्टर व्हिटकॉम्ब म्हणाले, नुसत्या औषधांनी भागत नाही. चार दिवस ठेवून घेऊन ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढू. फिट मेंदूत कुठून उठते ती जागा सापडली तर ऑपरेशन करता येईल, आणि ते लवकर झालेलं बरं. लवकरची तारीख चार महिन्यांनी मिळाली.

आदल्या दिवशी व्हर्लीनने सहा तास खपून पोरीच्या बारीक, डोक्याला चिकटून जाणाऱ्या वेण्या घातल्या, टोकांना पांढरे मणी ओवले. हीच तिची चूक. आमच्यात पोरीला इस्पितळात नेताना चर्चला नेल्यासारखं नेतात. विस्कटलेलं डोकं दिसलं की तिथे आधी घरच्यांची चौकशी होते आणि मग पोरीची तपासणी.

ईईजीची तंत्रज्ञ डोरीन, वयाने व्हर्लीनच्या निम्मी. "व्हर्लीन, या वेण्या सोडाव्या लागतील गं. तारांच्या टिकल्या कातडीला चिकटवायच्या असतात. कागद वाचला नाहीस का?"

"वाचला ना. शाम्पू करा, तेल नको. केलं. वेण्यांचं कुठे लिहिलंय?"

कुठेच नव्हतं. तो कागद लिहिणारीला कुणी अशा वेण्या घातल्या नसाव्यात. सोडायला तीन तास लागणार होते आणि डोरीनकडे पाऊण तास होता. पुढची तारीख आणखी चार महिन्यांनी मिळाली.

दुसऱ्या खेपेला केस मोकळे सोडून नेले. ते असे फुलले की टिकली बसेना, बसली तर तासाभरात सुटे. डोरीन उसासे टाकत राहिली. "हे केसच अवघड आहेत." चाळीस वर्षं तेच केस हाताळलेली बाई तिथेच भिंतीला टेकून उभी होती, पण तिला विचारावं असं कुणाला सुचणार? दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं, तीन महिन्यांनी या म्हणाले. तेवढ्यात जनाया जिन्यावर पडली आणि तिचा पुढचा दात गेला.

मात्र डोरीनने मेणाच्या पेन्सिलीने केलेल्या एकवीस खुणा पोरीच्या डोक्यावर राहिल्या होत्या. व्हर्लीनने डोकं धुण्याआधी त्या मापून नकली डोक्यावर उतरवल्या. मग तीन महिने तिचं एकच चाललं होतं: प्रत्येक खूण दोन वेण्यांमधल्या भांगात उघडी पडेल अशी वीण बसवायची आणि चुकली की उसवायची. गिऱ्हाइकं ताटकळायची. मी कुरकुर केली तर दांडा होताच.

तिसऱ्या खेपेला डोरीनने अर्ध्या तासात सगळ्या टिकल्या लावल्या. चार दिवसांत एकही हलली नाही.

"हे कुठे शिकलीस?" डोरीनने विचारलं.

"तुझ्याच खुणा आहेत, पोरी," व्हर्लीन म्हणाली.

जागा सापडली. आठवड्याने डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. जनाया आजीला टेकून बसली होती. डोरीन आलेख घेऊन दाराशी उभी होती.

"ऑपरेशन करता येईल," डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले. "वर्षापूर्वी झालं असतं तर आशा जास्त होती. आणि एक अडचण आहे. इथे नोंद आहे, 'कुटुंबाची टाळाटाळ, दोनदा तपासणी हुकवली.' ऑपरेशन मंजूर करणाऱ्या समितीला काळजी वाटते की ऑपरेशननंतर तुम्ही वेळेवर याल का."

मला इतका संताप आला की मी पर्स दोन्ही हातांनी आवळून धरली. दोन्ही वेळा गाडी मीच चालवली होती, आणि दोन्ही वेळा आम्ही अर्धा तास आधी पोचलो होतो.

"आम्ही आलो होतो," व्हर्लीन म्हणाली. "ते काढून टाका."

"नोंद अशी काढता येत नाही, व्हर्लीन."

"मिसेस टब्स," व्हर्लीनने त्यांना दुरुस्त केलं.

मग दारातून डोरीनचा आवाज आला. "त्या आल्या होत्या, डॉक्टर. दोन्ही वेळा वेळेवर. पहिल्यांदा वेण्या बघून मी परत पाठवलं. दुसऱ्यांदा मला टिकल्या बसवता आल्या नाहीत."

डॉक्टर कीबोर्डकडे वळले. तेवढ्यात जनाया थिजली. ओठांची मचमच झाली, एक हात ताठ झाला आणि ती खुर्चीवरून घसरली. व्हर्लीनने तिला झेललं, जमिनीवर कुशीवर घेतलं आणि तिच्या डोक्याखाली आपला तळवा ठेवला. डॉक्टर उठून धावले, तर तिने मान वर करून पडद्याकडे बोट दाखवलं.

"तिचं मी बघते. तुम्ही लिहा," ती म्हणाली. "आम्ही कुठेही जात नाही."